झाडावरचा साप आणि एका शास्त्रज्ञाची शेवटची टिपणं

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणात तालुक्याच्या गावी नोकरीला होतो. जुलैचा महिना, दुपारची वेळ. पन्नाशीचे एक गृहस्थ गवत कापताना फुरसं चावलं म्हणून आले. स्वतःच्या पायांनी चालत आले. बोटाला थोडी सूज, थोडी आग. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, श्वास ठीक. चावून दोन तास उलटून गेले होते.

"काय नाय झालंय मला, डॉक्टर. लावणी अर्धी राहिलीय. एक इंजेक्शन द्या नि सोडा."

मी म्हटलं, "वीस मिनिटं बसा, मग बघू."

त्यांच्या दंडातून दोन मिली रक्त काढलं, काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. ती हलवायची नाही, तिला हात लावायचा नाही, फक्त घड्याळ बघायचं. सर्पदंशाच्या उपचारातली ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. आत रक्ताचा गोळा झाला असेल तर रक्त गोठतंय. पाण्यासारखं ओघळलं तर गोठत नाही.

ती वीस मिनिटं मला नेहमी लांब वाटतात. त्या वेळात मला बहुतेकदा शिकागोचा एक माणूस आठवतो. त्यालाही काही झालं नव्हतं. सकाळी त्याने चांगला नाश्ता केला होता, आणि दुपारी तीनच्या सुमारास तो गेला. आज त्याची आणि त्याला चावलेल्या सापाची गोष्ट सांगतो. लेख लांब होणार आहे, पण माझ्या नेहमीच्या वाचकांना त्याची सवय आहे.

त्या सापाचं नाव बूमस्लांग. डच आणि आफ्रिकान्स भाषेत बूम म्हणजे झाड आणि स्लांग म्हणजे साप. थोडक्यात झाडसाप. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, गर्द वर्षावनं आणि कोरडी वाळवंटं सोडली तर जवळपास सगळीकडे तो सापडतो. ज्यांच्या घरी हॅरी पॉटर वाचणारी मुलं आहेत त्यांना हे नाव ठाऊक असेल. रूप पालटायच्या त्या काढ्यात याच सापाची कात लागते.

आपल्याकडे हा साप नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. हरणटोळासारखा झाडावर राहणारा, मात्र अंगाने त्याहून भरलेला. लांबी साधारण सव्वा ते दीड मीटर, काही त्याहून मोठे. डोकं आखूड, बोथट, आणि त्यावर प्रमाणाबाहेर मोठे डोळे. बहुतेक सापांना हललेलंच नीट दिसतं असं म्हणतात. याची नजर तेज असते आणि दोन्ही डोळ्यांनी समोरचं अंतर जोखून तो सरडे, शॅमेलिऑन, पक्षी आणि पक्ष्यांची पिल्लं पकडतो. शिकार दिवसा करतो. फांदीवर निश्चल पडला की फांदीच वाटतो. स्वभावाने लाजरा आहे, माणूस दिसला की पळतो. पळायला वाट नसेल तर गळा फुग्यासारखा फुगवतो. तरीही कोणी हात घातला तर चावतो. म्हणजे बहुतेक दंश कोणाला होतात हे तुमच्या लक्षात आलं असेल: साप धरणाऱ्यांना.

रंगाची गंमत मोठी आहे. नर बहुधा हिरवेगार, कधी खवल्यांना काळ्या कडा. माद्या बहुधा तपकिरी. पिल्लं राखाडी, डोळे मात्र पाचूसारखे हिरवे. एकाच जातीचे हे प्राणी शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला तीन वेगळे साप वाटतील. आणि तसंच झालं.

डॉ. अँड्र्यू स्मिथ हा स्कॉटलंडचा लष्करी डॉक्टर. १८२० च्या दशकात तो केपटाऊनला होता आणि १८२५ मध्ये तिथे जे संग्रहालय निघालं त्याचा पहिला प्रमुखही तोच. पुढे १८३६ साली जगप्रवासावर निघालेला तरुण डार्विन केपटाऊनला उतरला तेव्हा याच स्मिथने त्याला आजूबाजूचा मुलूख दाखवला. १८२८ साली स्मिथने या सापाचं वर्णन प्रसिद्ध केलं. रंगांवरून त्याला ते अनेक साप वाटले, म्हणून त्याने त्यांना अनेक नावं दिली. नंतर ती सगळी एकाच जातीत जमा झाली. त्या प्रजातीला स्मिथने ठेवलेलं नाव होतं ब्यूसिफेलस, म्हणजे बैलाच्या डोक्याचा. पण हे नाव आदल्याच वर्षी एका परोपजीवी चपट्या कृमीला देऊन झालेलं होतं, आणि प्राणिशास्त्रात एकाचं नाव दुसऱ्याला चालत नाही. शेवटी १८३२ मध्ये जॉर्ज ल्युई दुव्हेर्न्वा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दिलेलं प्रजातीचं नाव टिकलं. आज हा साप डिस्फोलिडस टायपस म्हणून ओळखला जातो. यातलं टायपस स्मिथचं, डिस्फोलिडस दुव्हेर्न्वाचं.

नावांचा घोळ राहू द्या. स्मिथची खरी चूक वेगळी होती आणि एक डॉक्टर म्हणून ती मला जास्त टोचते. तिथले स्थानिक लोक या सापाला विषारी मानतात हे त्याला माहीत होतं. दक्षिण आफ्रिकेच्या प्राण्यांवरच्या आपल्या सचित्र ग्रंथात त्याने तशी नोंद केली आहे. आणि त्याच ठिकाणी त्याने लिहिलं आहे की हे मत आपल्याला मान्य नाही. कारण काय, तर विष तयार करणारी स्पष्ट ग्रंथी त्याला सापडली नाही. दातांवरच्या मऊ आवरणात थोडा चिकट स्राव असतो, जखमेत गेला तर फार तर दुखेल, सुजेल, याहून जास्त काही नाही, असा त्याचा निष्कर्ष. फाडून बघितलं, दिसलं नाही, म्हणून नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या झाडांखाली राहणाऱ्या माणसांचा अनुभव एका वाक्यात बाजूला.

ग्रंथी होती. दुव्हेर्न्वाने १८३० च्याच दशकात अशा सापांच्या वरच्या जबड्यामागची लाळग्रंथीहून वेगळी ग्रंथी दाखवून दिली. पुढे १९६० च्या दशकात तिला त्याचंच नाव मिळालं. नाग किंवा घोणस यांच्या विषग्रंथीसारखी ती दाबाने विष फेकत नाही, तिच्यातून विष झिरपतं. त्यामुळे घाईने पाहणाऱ्याला ती थुंकीची गाठ वाटणं शक्य होतं.

इथे सापांच्या वर्गीकरणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी शोकांतिका त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात सापांची विभागणी दातांवरून होत असे. एका कप्प्यात साधे दात असलेले बिनविषारी, आपल्या धामणीसारखे. दुसऱ्यात वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूला, डोळ्याखाली, खाच असलेले मोठे दात असलेले. तिसऱ्यात पुढे न हलणारे विषदंत असलेले नाग-मण्यार, आणि चौथ्यात पुढे घडीचे, पोकळ सुईसारखे विषदंत असलेले घोणस-फुरसं. दुसऱ्या कप्प्याला आपल्या मराठी पुस्तकांत निमविषारी म्हणतात. हरणटोळ आणि मांजऱ्या त्यातले. त्यांच्या दंशाने सहसा थोडी सूज येते आणि ती उतरते. हरणटोळ डोळ्यावर मारतो ही समजूत खूप ठिकाणी ऐकायला मिळते, पण त्याच्या दंशाने माणूस दगावल्याचं मी ऐकलेलं नाही.

कप्पे सोयीचे होते. अडचण इतकीच की कप्प्यावर नाव दातांच्या जागेचं होतं आणि लोक वाचत होते ते विषाच्या ताकदीचं. दात मागे आहेत म्हणून विषही सौम्य असलं पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही. बूमस्लांगचे मागचे दात मोठे असतात, तोंड तो प्रचंड उघडू शकतो, त्यामुळे ते दात माणसाच्या बोटात रुतायला वेळ लागत नाही. आणि विष थेंबभर असलं तरी त्याची ताकद जगातल्या जहाल विषांच्या पंक्तीत बसणारी आहे.

याची कल्पना दक्षिण आफ्रिकेत आली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट एलिझाबेथच्या संग्रहालयाचे संचालक एफ. डब्ल्यू. फिट्झसिमन्स यांच्या एका मदतनिसाला बूमस्लांग चावला आणि जागोजागी रक्तस्राव होऊन तो मरणाच्या दारातून परत आला. फिट्झसिमन्सनी त्यावर १९०९ मध्ये लिहिलं. १९४० मध्ये जोहान्सबर्गला ग्रासे आणि शाफ्स्मा यांनी या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतकंच काय, अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९३५ सालच्या 'डेथ इन द क्लाउड्स' या रहस्यकथेत विमानातला खून याच सापाच्या विषाने होतो, शास्त्रीय नावासकट. (विमान उतरण्याआधी माणूस मरतो हे वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखं नाही. हे विष तास न्‌ तास घेतं. पण बाईंना कथा पुढे न्यायची होती.)

म्हणजे १९५७ साल उजाडलं तेव्हा माहिती छापून तयार होती.

कार्ल पॅटरसन श्मिट त्या वेळी ६७ वर्षांचे होते. शिकागोच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून, आज ज्याला फील्ड म्युझियम म्हणतात तिथून, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, तरी रोज कामावर येणारे. त्या काळच्या अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. आणि खास बाब अशी की तरुणपणी त्यांनी बेल्जियन काँगोतल्या सापांवर मोठा प्रबंध लिहिला होता, १९२३ साली. आफ्रिकेच्या सापांबाबत ते नवखे नव्हते.

२५ सप्टेंबर १९५७, बुधवार. शहरातल्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांनी एक जिवंत साप ओळखण्यासाठी पाठवला होता. आफ्रिकेतून आलेला, लहानसा, सुमारे ७५ सेंटिमीटरचा. श्मिट आणि त्यांचे सहकारी त्याच्याभोवती जमले. डोक्याची ठेवण बूमस्लांगची, खवल्यांवरचे कंगोरे बूमस्लांगचे. एकच गोष्ट जुळेना. सापाच्या पोटाखाली गुदद्वारावर एक खवला असतो. काही जातींत तो अखंड असतो, काहींत मधोमध दुभागलेला. बूमस्लांगमध्ये तो दुभागलेला हवा. या सापाचा अखंड होता.

श्मिटनी साप उचलून घेतला, जवळून पाहायला. पकड डोक्याच्या थोडी जास्त मागे पडली. सापाने तोंड मोठं उघडून त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बाजूला चावा घेतला. उजवीकडचा मागचा एकच दात पूर्ण आत गेला. जखम तीन मिलिमीटर खोल. श्मिटनी जखम चोखली, आणि शास्त्रज्ञाच्या सवयीने काय होतंय ते वेळेसह लिहायला सुरुवात केली.

ते रुग्णालयात गेले नाहीत. नेहमीच्या लोकल गाडीने उपनगरातल्या घरी निघाले. गाडीतच जोराची मळमळ सुरू झाली. साडेपाचच्या पुढे थंडी वाजून अंग थडथड उडालं, मग ताप, १०१.७ फॅरनहाइट. त्याच सुमारास तोंडात रक्त येऊ लागलं, बहुतेक हिरड्यांतून. रात्री साडेआठला त्यांनी दुधात भिजवलेले टोस्टचे दोन तुकडे खाल्ले आणि नऊला झोपले. मध्यरात्रीनंतर उठले तेव्हा लघवीला थोडीशीच झाली, आणि ती बहुतेक रक्ताचीच होती. पहाटे साडेचारला पाणी प्यायले आणि सगळं उलटून पडलं. त्यानंतर त्यांना बरंच हलकं वाटलं आणि साडेसहापर्यंत छान झोप लागली.

सकाळी ताप उतरलेला. ९८.२. नाश्त्याला त्यांनी सीरियल, टोस्टवर अंडं, सफरचंदाचा गर आणि कॉफी घेतली. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. हेही लिहिलं आहे की लघवी होत नाही, दर तीनेक तासांनी थोडं रक्तच येतं, आणि नाकातोंडातून रक्त येतंय, पण फार नाही. त्यांनी संग्रहालयात फोन करून आपण उद्या कामावर येऊ असं कळवलं. दुपारी जेवणानंतर उलटी झाली, त्यांनी पत्नीला हाक मारली. थोड्या वेळात शुद्ध गेली, अंग घामाने निथळलं, श्वास अडकू लागला. रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दंशाला २४ तासही धड झाले नव्हते. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, हृदय, डोळे आणि मेंदूपर्यंत रक्तस्राव दिसला. त्यांचे सहकारी क्लिफर्ड पोप यांनी ही टिपणं पुढल्या वर्षी 'कोपिया' या शोधपत्रिकेत छापली, म्हणून ती आपल्याला वाचता येतात.

मी ती टिपणं पहिल्यांदा वाचली तेव्हा विद्यार्थी होतो आणि मला त्यांच्या धीराचं कौतुक वाटलं होतं. आता तीच वाचताना प्रत्येक ओळीला हात पुढे करून थांबवावंसं वाटतं. हिरड्यांतून रक्त. थांबा. लघवीत रक्त. थांबा हो, उठा, कोणाला तरी बोलवा. लघवीच नाही. आणि लिहिणारा माणूस शांतपणे नाश्त्याला काय खाल्लं ते सांगतोय.

त्यांना असं का वाटलं असेल, याचा माझा अंदाज असा. साप लहान. दात एकच लागलेला. मागच्या दाताच्या सापाचं विष ते कितीसं. त्यात तो खवला, म्हणजे कदाचित हा बूमस्लांग नसेलच. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर समजूतदार माणसाची वाटते. सकाळी ताप उतरल्यावर तर शंकेला जागाच राहिली नसेल. आता त्या खवल्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. साप बूमस्लांगच होता. फक्त तो नेहमीपेक्षा थोडा वेगळा घडलेला होता, जसं एखाद्या माणसाला सहावं बोट असतं. अमेरिकेत तेव्हा या विषावरचं प्रतिविष नव्हतंच, त्यामुळे ते लगेच रुग्णालयात गेले असते तर वाचले असते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रक्त देता आलं असतं, लक्ष ठेवता आलं असतं.

बरं वाटत असताना शरीरात काय चाललं होतं? रुग्ण मला हे नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

पावसाळ्यात शेताचा बांध फुटला तर बुजवायला तुम्ही माती, दगड, पोती तयार ठेवता. रक्तातही तशी शिबंदी असते. जखम झाली की एकामागून एक घटक जागे होतात, प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन होतं, ते फायब्रिनोजेनचे धागे विणतं आणि भोक बुजतं. बूमस्लांगचं विष काय करतं, तर कुठेही बांध फुटलेला नसताना प्रोथ्रॉम्बिनला आणि त्याच्या आधीच्या एका घटकाला खोटी आरोळी देऊन उठवतं. गडी धावतात, अंगभर बारीक बारीक गुठळ्या होतात, शरीर त्या विरघळवतं, पुन्हा होतात. काही तासांत सगळी माती, सगळी पोती संपतात. मग हिरडी दात घासताना रोज खरचटते तशीच खरचटली तरी रक्त थांबत नाही. मेंदूतली एखादी बारीक नळी झिरपली तरी थांबत नाही. मूत्रपिंडाच्या चाळणीत या कचऱ्याने तुंबारा होतो आणि लघवी बंद पडते.

आणि या सगळ्यात दुखत नाही! नागाच्या विषाने पापण्या मिटू लागतात, घरच्यांना दिसतं. घोणशीच्या दंशाने अवयव टरारून सुजतो. बूमस्लांगच्या दंशाची जागा मात्र बऱ्याचदा किरकोळ दिसते. रक्तातलं फायब्रिनोजेन संपलं तर माणसाला ते जाणवत नाही, जसं घरातलं साठवणीचं धान्य संपत आलं तरी ताटातल्या भाताला ते कळत नाही. म्हणून ती काचेची नळी.

फुरशाचं विषही याच वाटेने जातं, प्रोथ्रॉम्बिनला चेतवून. दोघांचं नातं म्हणाल तर दूरचं आहे. फुरसं घोणशीच्या कुळातलं, जमिनीवरचं, पुढच्या विषदंतांचं. पण हल्ल्याची जागा एकच. मात्र उपचार एक नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, बूमस्लांगवर त्याचा उपयोग नाही. त्याचं वेगळं प्रतिविष जोहान्सबर्गला थोड्या प्रमाणात बनतं आणि दंशाची खात्री करून मागणीप्रमाणे पाठवलं जातं. दंशानंतर उशिरा दिलं तरी ते काम करतं, ही या सापाच्या बाबतीतली त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

श्मिटच्या मृत्यूनंतर तरी कप्प्यावरची चिठ्ठी बदलली का? हळूहळू. १९७५ साली जर्मनीतले तितकेच मोठे सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स, वय ८०, घरी पाळलेल्या थेलोटॉर्निस नावाच्या काडीसारख्या सापाला खाऊ घालत होते. हा बूमस्लांगचा सख्ख्यासारखा नातेवाईक, मागच्याच दातांचा. तो चावला आणि अठरा दिवसांनी मेर्टेन्स गेले. त्यांनीही टिपणं ठेवली होती. त्या सापावर आजही प्रतिविष नाही. जपानमध्ये भातखाचरांतल्या यामाकागाशी नावाच्या पाणसापाला लोक वर्षानुवर्षं निरुपद्रवी समजत. १९८० च्या दशकात एका शाळकरी मुलाचा त्याच्या दंशाने मृत्यू झाला, कारण तेच, रक्त गोठणं बंद. त्या यामाकागाशीच्या प्रजातीतले साप आपल्या ईशान्य भारतातही आहेत. तिकडे फिरायला जाणाऱ्या आणि रंगीत साप दिसला की हातात घेऊन फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं.

दरम्यान वर्गीकरणही बदललं. डीएनएच्या अभ्यासाने मागच्या दातांचा तो कप्पा मोडीत काढला, कारण त्यातले साप एका घराण्याचे नाहीतच. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात सापांचे अंड्यांतले गर्भ तपासले, तेव्हा दिसलं की पुढचे विषदंतही जबड्याच्या मागच्या भागातूनच उगवतात आणि वाढीत पुढे येतात. म्हणजे पुढचे आणि मागचे हा भेद वाटला होता तितका मूलभूत नव्हता. गंमत अशी की आजच्या मांडणीत बूमस्लांग ज्या उपकुळात बसतो त्याच उपकुळात आपली धामण आहे, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची लाडकी. निमविषारी हा शब्द मात्र आपल्या पुस्तकांतून गेलेला नाही. वापरायला माझी हरकत नाही. फक्त तो सापाबद्दलचा अंदाज आहे, रुग्णाची तपासणी नव्हे, एवढं दवाखान्यात बसणाऱ्याने विसरू नये.

साप चावल्यावर जखम चोखू नका, कापू नका, करकचून बांधू नका, हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करा, हे मी आधीच्या लेखांत लिहिलं आहे. साप मारून आणू नका, जमलं तर लांबून फोटो काढा, नाही तर तेही नको. आणि दवाखान्यात चोवीस तास ठेवून घेतलं तर कुरकुर करू नका.

तर ते गृहस्थ. वीस मिनिटं झाली. मी त्यांच्या समोरच नळी तिरकी केली. रक्त काचेवरून पाण्यासारखं वाहिलं. ते बघत होते. काही बोलले नाहीत. मग तोंडात जीभ फिरवून म्हणाले, "मघापासनं जरा खारट लागतंय खरं."

प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू केल्या. सहा तासांनी दुसरी नळी, पुन्हा पातळ. आणखी प्रतिविष. पहाटे तिसरी नळी लावली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मी धरते, तुमचा हात हलतोय." वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली, मग पूर्ण उलटी केली. गोळा जागचा हलला नाही. गृहस्थ जागेच होते. त्यांनी विचारलं, "आता चहा चालेल काय?"